किंवा

कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला टेकून माझं टेबल,
वर ताडपत्री, एक पाय विटेवर.
तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय.
'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी'
बोटांना डोळे मिटून सापडतं.

शालन बिरांजे आली. लक्ष्मीपुरीत लसूण विकते.
पिशवीतून कागद काढले, पोरानं छापून आणलेले,
लसणाचाच वास येणारे:
आठवडी बाजार विनियमन विधेयकाचा मसुदा.
"ह्यात आम्ही कुठं हाय, तेवढं बघा."

एकोणीस पानं. चहा दोनदा गार.
उद्देश व कारणे वाचली. तिथं सगळं गोडच असतं,
काहिलीवरच्या फेसासारखं;
खाली काय शिजतंय ते ढवळल्याशिवाय कळत नाही.
ढवळत ढवळत कलम नऊ, पोटकलम दोन:
*विक्रेत्याने ओळखपत्र आणि जागेचा पुरावा सादर करावा.*

आणि.

ओळखपत्रं शालनकडं तीन.
जागेचा पुरावा?
"सासू बसायची तिथंच मी बसत्ये," ती म्हणाली,
"फरशीला इचारा."

फरशीची साक्ष कुठल्याच कलमात बसत नाही.
पण शेवटच्या पानाच्या तळाला, मुंगीच्या अक्षरांत होतं:
हरकती व सूचना तीस दिवसांत पाठवाव्यात.
अकरा दिवस आधीच निघून गेले होते,
कुणाला न सांगता.

एकच मजकूर, खाली शंभर सह्या, असं करू नका म्हटलं.
तसले गठ्ठे एका दोऱ्यात बांधलेले मी पाहिलेत.
ज्याची त्यानं आपली अडचण सांगा, मी टाइप करतो.
मग रोज बाजार उठल्यावर रांग.
रजिया शिकलगार विळ्यांना धार लावते, तिनं सांगितलं:
"माझी जागा सावलीबरोबर सरकते.
सकाळी पिंपळाच्या ह्या अंगाला, दुपारी त्या.
कुठल्या जागेचा पुरावा देऊ?"
मी एक अक्षर बदललं नाही.
खाली फक्त जोडलं:
'आणि' ऐवजी 'किंवा' करावे, ही विनंती.
दोन अक्षरांच्या जागी दोनच अक्षरं,
सरकारला कागदसुद्धा जास्त लागणार नाही.

त्रेसष्ट पत्रं, त्रेसष्ट पोचपावत्या.

आमदारांच्या ओसरीवर सकाळी सातला
बदल्या होत्या, नळ होते, लग्नपत्रिका होत्या.
कायद्याचा कागद आमचा एकट्याचा.
त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.
"शब्दच बदलायचा न्हवं? रस्ता तर मागत न्हाईसा?"
आणि कागद खिशात ठेवला. वरच्या खिशात.
आम्ही परतताना त्या खिशावरच बोलत होतो.

थंडीत नागपूरला अधिवेशन.
शालननं मोबाइल लसणाच्या ढिगाला टेकवून ठेवला.
दोन दिवस नुसता गोंधळ, तहकूब, गोंधळ.
तिसऱ्या दिवशी कलम नऊ आलं,
कुणीतरी दुरुस्ती वाचली, कुणीतरी मान हलवली,
होयचे बहुमत, होयचे बहुमत.
सतरा सेकंद. मी मोजले.
"झालं?"
"झालं."
तिनं समोरच्या बाईला पाव किलो तोलून दिला,
दोन गड्डे वर टाकले.

पेढे वाटायला निघालेल्यांना मीच थांबवलं.
कायद्यामागून नियम येतात,
राजपत्रात, कुठल्यातरी गुरुवारी, गाजावाजा न करता,
आणि पुढच्या दारानं घालवलेला 'आणि'
मागच्या दारानं येऊन बसू शकतो.
कलम चौदाचा दंड तर आहे तसाच राहिलाय,
त्याच्यावर आमचं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.
ते माझ्याकडं लागलं. झोपताना आठवतं.

आता दर गुरुवारी शालन येते. "आलं?"
"न्हाई अजून."
टेबलावर एक गड्डा ठेवते, माझी फी.
खणात माळ होईल एवढे साठलेत.

परवा बँकेचा कसलासा फॉर्म भरायला आणला.
मी पेन उघडतोय तोवर
तिनं लसणाच्या सालीचं बोट एका ओळीवर दाबून धरलं.
"थांबा," म्हणाली.
"हितं 'आणि' का?"