उद्या सव्वाअकरा

गिरेसुनमध्ये ऑगस्टभर
रस्त्याकडेला हेझलनट वाळत असतात.
तिथून जाताना नुरजिहान जीभ फिरवते
दाढांमध्ये अडकवलेल्या निळ्या रबरांवरून.
चार रबरं. सोमवारपासून.
कणसाचा केस अडकावा आणि निघूच नये, तसं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, जागा होतेय.
जागा होताना दुखतं, हे मात्र
त्यांनी दाराशी, हातमोजे काढताना सांगितलं.

उद्या सव्वाअकरा वाजता तारा.
तिनं वहीत दोनदा लिहिलंय, एकदा खोडलंय.
खाली : मसुराचं सूप, दही, पिलाव.
पिलाव चालेल? विचारायचं.

रात्री सेवदा आत्या पोतं घेऊन बसते.
दातानं फोडू नकोस हं, म्हणते
आणि स्वतः दातानंच फोडते, कट्.
मग काहीतरी आठवून हसते,
हसताना हात तोंडावर. नेहमीसारखा.
नुरजिहानला वाटायचं, ही आत्याची लकबच.
आज पहिल्यांदा
हातामागे काय आहे ते तिला दिसतं.

"दुखेल का गं?"
"मला काय ठाऊक?
आमच्या दातांना कुणी विचारलंच नाही."

दाणे आहेत, दातही आहेत,
दोन वर्षं फक्त गाठ नाही.
आत्या खलबत्ता ओढते,
मूठभर दाणे कुटत राहते, पीठ होईस्तोवर,
बशी पुढे सरकवते.

"चावायचं नाही. नुसतं जिभेवर."

ती ठेवते. विरघळत नाही.
चिकटतं, रबरांच्या अवतीभवती,
गोडसर,
आणि जीभ पुन्हा कामाला लागते.