चारशे ग्रॅम

शुक्रवारी रात्री हॉलमधला गालिचा गुंडाळून
सगळं फरशीवर मांडलं:
तंबू, झोपायची पिशवी, गॅसची चूल, डोक्याला बांधायचा दिवा,
दशम्यांचा डबा, मेतकूट,
आणि दुकानदाराने गळ्यात मारलेली
फुगणारी गादी, तीनशे दिरहमची.

कयाकच्या मागच्या झाकणाचं भोक
एक वीत चार बोटं.
त्यातून आत जाईल ते आपलं.
गादी गेली नाही.

इनायत पारकर दारातच बूट काढून उकिडवा बसला.
तो हर्णैचा. आजा तांडेल,
बाप शारजाच्या गोदीत वेल्डर,
हा इथे उम्म अल कुवैनला बँकेत, काचेमागे.
पण सामानाकडे बघायला लागला की
आज्याचे डोळे येतात त्याला.

जड ते खाली, मधोमध. हलकं टोकांना.
पाणी एका कॅनमध्ये भरू नकोस,
कॅन हलला की होडी त्याचंच ऐकते.
लहान बाटल्या घे, कडेकडेने कोंब.

पाऊस नाही म्हणून मी तंबूचं वरचं कापड
बाजूला काढलं होतं.
तो नुसता हसला.
जानेवारीत पहाटे खाडीवर दव असं पडतं
की मोजे पिळावे लागतात.
कापड परत आलं.

खुंट्या मात्र त्यानेच काढल्या.
वाळू त्यांना धरत नाही
आणि खारा वारा खातो.
त्याऐवजी बासमतीच्या रिकाम्या पिशव्या, चार,
चेन तुटलेल्या असल्या तरी चालतील.
तिथे वाळू भरायची, दोर बांधून पुरायच्या,
सकाळी ओतून घडी घालायची.
वजन तिथलं तिथे, म्हणाला,
आणि शमाल सुटला तर गप परत फिरायचं, हट्ट नको.

चूल कशाला? स्वयंपाक करायचाय की समुद्र बघायचाय?
चहाशिवाय मी समुद्र बघत नाही, म्हटलं.
चूल राहिली.
किटली जड म्हणून बाहेर.

मग स्वयंपाकघराच्या कडीला काटा अडकवला,
रोला मार्केटमधला, स्प्रिंगचा, पंधरा दिरहमचा,
बारा वर्षं दर डिसेंबरला
ज्याने माझी बॅग तोलली.
तीस किलोच्या वर सुई गेली
की मी फरशीवर बसून काहीतरी काढायची:
पिस्त्याचं अर्धं पाकीट,
भाचीचे रंग,
एकदा आईच्या ब्लडप्रेशरच्या यंत्राचं खोकं, यंत्र ठेवून,
एकदा दादांच्या चपला.
दादा म्हणाले होते, असू दे, पुढच्या वेळी.

दिवा अडकवला.
त्याच्या खोक्यावर छापलंय, शहाऐंशी ग्रॅम.
सुई अर्ध्या किलोजवळ.
दिवा काढला.
सुई खाली आली
आणि चारशेवर थांबली.

काटा हलवला. हळूच आपटला.
चारशे.
रिकामा आकडा, खाली फरशी,
आणि चारशे ग्रॅम.

इनायत बाटल्या मोजत होता,
पाठमोरा, आठपर्यंत आला होता.
मी विचारलं, भरती किती वाजता?
पाच चाळीस, म्हणाला,
सुकतीच्या आत कांदळांच्या पलीकडे पोचायला हवं,
नाहीतर चिखलात उतरून ओढायला लागेल.

बरं, म्हटलं.
काटा उतरवून कचऱ्याच्या डब्याशी नेला,
तिथून परत आणून
खणात ठेवला, बिलांच्या खाली.

मग किटली उचलली.
झाकणातून ती जाईना, तोटी अडते.
तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली.
इनायत बघत होता. काही बोलला नाही.
शेवटी म्हणाला, पायांमध्ये ठेव,
कानाला दोरी बांध,
उलटलीस तर निदान तरंगत नाही
हे तरी आधीच माहीत असेल.

बांधली.