बाहेर जाण्याची वेळ

धायरीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी
उद्धव गायके बसतात, मूळचे जिंतूरचे.
समोर निळ्या रेघांचं रजिस्टर,
सुतळीने बांधलेलं पेन.
नाव. कुणाकडे. गाडी नंबर. आत आल्याची वेळ.
आणि कडेला, पानाच्या घडीत दबलेला रकाना:
बाहेर जाण्याची वेळ.
तो कायम कोरा.

त्या रजिस्टरवर विश्वास ठेवला
तर आजवर आलेला एकही प्लंबर,
एकही कुरिअरवाला, कुणाचा मेहुणा
आमच्या इमारतीतून परत गेलेला नाही.

मला हसू यायचं.

मीही फाटकंच लिहिते.
पतसंस्थेच्या सर्व्हरवर येणारी विनंती
कंट्रोलरचं तोंड बघण्याआधी
माझ्या इंटरसेप्टरपाशी थांबते.
कोण? टोकन? शिळं तर नाही?
मग मी एकच शब्द देते, ट्रू किंवा फॉल्स.
ट्रू म्हणजे या.
फॉल्स म्हणजे चारशे एक,
आणि लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानासारखं,
कारण विचारू नये.

तीन जागा असतात तिथे लिहायला.
काम सुरू होण्याआधी,
काम झाल्यावर,
आणि सगळं आटोपून विनंती निघून जाताना.
तिसरी मी रिकामी सोडली.
दोन महिरपी कंस, मध्ये हवा.
कंपायलरने कुरकूर केली नाही.
रिव्ह्यूमध्ये मयूरेशने अंगठा दिला.

शनिवारी रात्री साडेअकराला सपोर्टने फोन जोडून दिला.
सिंधू खिलारे, धनकवडी, सभासद क्रमांक दोन हजार सतरा.
"अहो, ते मला नमस्कार करतंय,
पण अशफाक तांबोळी म्हणून.
शिल्लकही त्यांचीच दिसतेय. बरी आहे, माझ्याहून.
पण मला सांगा,
माझं नाव आत्ता कुणाकडे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही.
बघून सांगते, म्हटलं.

सर्व्हरवर कामाला धागे असतात, मोजके, दोनशे.
एकीचं काम उरकलं की तोच धागा दुसरीला.
आत कुणालाही कधीही विचारता यावं, हे कोण आलंय,
म्हणून मी धाग्याच्या खिशात नाव ठेवत होते.
ठेवत होते.
काढत नव्हते.
मुखपृष्ठाला तर मी तपासणीच माफ केली होती,
तिथे काय असणार, सुट्ट्यांची यादी नि व्याजदर.
दिवाळीत कुणीतरी तिथे शिल्लकेचा चौकोन टाकला.
चौकोन खिशात हात घालायचा
आणि मागच्याचं नाव हाताला लागायचं,
अजून कोमट.

रात्रभर लॉग खाली खाली सरकवत राहिले.
खिडकीबाहेर सिंहगडावरचा लाल दिवा,
गॅसवर तिसऱ्यांदा उतू गेलेला चहा.
चार वाजून दहा मिनिटांनी
त्या रिकाम्या महिरपीत एक ओळ गेली:
जाताना खिसा झाड.
आणि चौकोन उचलून फाटकाच्या आत नेला.

खाली उतरले तर गायके जागे,
कानटोपी, मोबाइलवर भारूड अगदी हळू.
म्हटलं, काका, हा रकाना कधीच का नाही भरत?
ते रजिस्टरकडे बघत राहिले,
जणू आज पहिल्यांदाच दिसला.
"जाणाऱ्याला कशाला अडवायचं, मॅडम.
तो जातोयच की."

वाद घालावा इतकी झोप शिल्लक नव्हती.

रविवारी नऊला मीच फोन लावला.
"आलं," सिंधूताई म्हणाल्या, "माझंच नाव आलं.
आकडाही माझाच. लहानसा."
मागे कुकरची शिट्टी झाली. मी माफी मागितली.
"ते असू दे. त्या तांबोळींना
कुणी कळवलं का?
त्यांना सांगा,
धनकवडीच्या एका बाईने बघितलं होतं,
पण ती विसरली."