लाल जाळी

काल रात्री ओट्यावरून ग्लास निसटला.
निळ्या रेघेचा, सरबताचा, सहांपैकी पाचवा.
सुपलीत तुकडे भरताना
मला मालतीताईंचा तो सेट आठवायला हवा होता,
लग्नात आलेला. आठवला एक हात,
अंगठ्याच्या बुडाशी पांढरा, दुमडलेला वण असलेला.

पंचफुला गजभिये.
सव्वासातला त्रिमूर्तीनगरच्या आमच्या गल्लीत
कचऱ्याची गाडी येते, भोंगा वळणावरूनच ऐकू येतो.
मागच्या फळीवर उभी राहून ती बादल्या उपडते
आणि हातानंच निवडते:
दुधाच्या पिशव्या इकडे, पुठ्ठा तिकडे,
तर्रीनं माखलेला पोह्यांचा कागद कुठेच नाही.

दोन वर्षांपूर्वी असाच एक बल्ब फुटला होता.
मी तो चार पदरी कागदात गुंडाळला,
वर काळ्या मार्करनं लिहिलं : काच.
शाळेत सुलेखनाचं बक्षीस होतं मला.
काना सरळ, 'च'चं पोट गोल.
किती वेळ मी माझ्याच चांगुलपणाकडे बघत उभी होते.

तिनं पुडकं उलटसुलट केलं.
"काय लिहून ठेवलं जी बाई? मले वाचता नाही येत नं.
लाल काही बांधून देत जा.
लाल दिसलं का हात आपोआपच थांबते."

तेव्हापासून संत्र्यांच्या जाळ्या मी फेकत नाही.
आंबिया बहार संपेपर्यंत आठ-दहा जमतात,
फ्रिजच्या कडेला खिळ्यावर टांगलेल्या.
काच, ब्लेड, बाबांच्या इन्सुलिनच्या सुया,
सुया आधी जाड डब्यात, झाकण चिकटपट्टीनं बंद,
मग जाळी, मग गाठ.

वरच्या मजल्यावरचे हेडाऊ हसतात.
"भांडेवाडीत गेलं का सारं एकच होते, वहिनी.
काहून एवढा जीव काढता?"
होत असेल एकच. मी तिथवर गेलेले नाही.
मला गाडीच्या फळीपर्यंतच दिसतं,
तिथे मात्र एक हात असतो.

आणि मी काही मोठी पुण्यवान नाही.
मागच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीस,
बाबांना धाप, कूलर नुसती वाफ फेकणारा,
आम्ही एसी घेतला. हप्त्यांवर.
बाबा झोपले त्या रात्री, गाढ, तोंड उघडं टाकून,
आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.
सकाळी गच्चीवरच्या चादरीवरून बोट फिरवलं
तर बोट करडं.
वारा कोराडीकडून होता की रस्त्याच्या कामाकडून,
मी विचारलं नाही. हात धुतला.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.
जुना कूलर दारात पडून होता आठवडाभर,
पंप चालू, पत्रा धड, फक्त वाळा बदलायचा.
कबाडीवाल्यानं साडेतीनशे दिले.
मी ते मोजून पर्समध्ये ठेवले.
जूनमध्ये बोलता बोलता पंचफुला म्हणाली,
"आमचं तं टिनाचंच आहे जी छप्पर.
नातवाले घामोळ्या आल्या पाठभर."
तिनं मागितला नव्हता.
मी विचारलं नव्हतं.
आठवडाभर ती त्याला वळसा घालून
आमची बादली उचलत होती.

ही गोष्ट कोणत्या बादलीत टाकायची,
ओल्या की सुक्या,
मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी भोंगा वाजला.
मी जाळीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली
आणि खाली गेले.
लाल दिसलं. तिचा हात थांबला.
"फुटला का बाई आणखी एक?" एवढंच म्हणाली,
जाळी अलगद कडेच्या डब्यात ठेवली.

मग शेजारच्या फाटकाशी ठेवलेली
ती जाड काळी पिशवी उचलली,
तोंड घट्ट बांधलेली,
दातानं गाठ सोडवली,
आणि न बघता
कोपरापर्यंत हात आत घातला.