सतरा नंबरचं घड्याळ

बारा वाजून एक सेकंद झाला
आणि खाडीतले चोवीसही बोये मुके झाले.
मुके म्हणजे, बोलत होते; सर्व्हर ऐकून घेईना.
मुदत संपलेलं सर्टिफिकेट घेऊन दाराशी उभे,
आणि दार म्हणत होतं, कोण तुम्ही?

फेरो बेटांवर फेब्रुवारीची रात्र काही संपत नाही.
मी, रान्वा, लोकरीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर.
तारीख लिहून ठेवायची माझ्याचकडून राहिली होती.
खाली पिंजऱ्यांत दीड लाख सॅमन,
आणि पाण्यात श्वास किती उरलाय
ते सांगणाऱ्यांना आम्हीच ओळखत नव्हतो.

मूळ सहीची किल्ली आम्ही नेटवर्कवर ठेवत नाही.
ती तिजोरीत, कॉड खारवायच्या काळातल्या,
आणि तिजोरीची किल्ली ह्याल्ग्रिमकडे,
ज्याला कॉम्प्युटर चालू करता येत नाही.
म्हणून तर त्याच्याकडे.

"काय करतेस ते सांग तरी," बूट झटकत तो म्हणाला.
सांगितलं: प्रत्येक बोयाच्या पोटात त्याची गुप्त किल्ली,
ती कधीच बाहेर यायची नाही.
बाहेर येतो फक्त अर्ज:
मी अमुक, तमुक पिंजऱ्याचा, सही द्यावी.
आपण सही देतो.
मग सर्व्हर त्याची सही पाहतो, तो सर्व्हरची,
आणि दोघं मिळून एक भाषा ठरवतात
तिसऱ्याला न कळणारी.
"म्हणजे, कुणाची गं तू? एवढंच ना.
आमच्या गावात दार उघडायच्या आधी हेच विचारत."

होडी, लॅपटॉप, केबल. बोटं केव्हाच बधिर.
पहाटेपर्यंत तेवीस बोलू लागले.

सतरा नंबर नाही.
आणि या वेळी नकार सर्व्हरचा नव्हता, त्याचा होता.
कारण लिहिलं होतं:
हे सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही.

थंडीत त्याची बटणाएवढी बॅटरी मेली होती.
घड्याळ मागे, मागे, जिथून यंत्रं काळ मोजतात तिथे:
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
त्याचं काही चुकलं नव्हतं.
न जन्मलेल्या बाईची सही कोण मानेल?

पुन्हा होडी काढली. त्याला सगळं सांगितलं.
ह्याल्ग्रिम बराच वेळ बोयाकडे पाहत राहिला.
"सत्तर साली इथे पिंजरे नव्हते," म्हणाला.
आणि मग, वल्ह्याकडे बघत, "माझा भाऊ होता."

मी वेळ बदलायची आज्ञा लिहिली. बोट बटणावर.
"थांब."
मला वाटलं, केबल निसटली.
त्यानं थर्मासमधली कॉफी ओतली, अर्धी सांडली,
इंजिन बंद केलं.
पाणी होडीला लागत होतं, बोयाला लागत होतं.
किती वेळ, मी मोजला नाही.
"कर आता."

ऑक्सिजन आठ पूर्णांक एक. पाणी सहा अंश.
"मासे उड्या मारताहेत, हे मीही सांगितलं असतं."
"हो, पण तुझ्या सांगण्यावर सही कुणाची?"
तो हसला नाही.

परतल्यावर पुढची मुदत भिंतीवर लिहिली,
सुताराच्या जाड पेन्सिलीनं, दाराशेजारी,
कोट काढताना दिसेल अशी.
त्यानं पेन्सिल मागून घेतली
आणि तारखेखाली, सावकाश,
आपलं आणि बापाचं नाव लिहिलं.