शेंगदाण्याचं माप

जॅकेट अजून गॅलरीतच आहे.
वाळलंय केव्हाच, नाशिकच्या ऑक्टोबरात ओलं राहतंय काय;
पण कॉलरवर मिठाची पांढरी रेघ उमटलीय,
ती धुवायची की ठेवायची, ठरत नाही.

शेजारचे डेरले विचारतात, काय काय पाहिलंत?
धुकं, मी म्हणते.
ते हसतात. त्यांना हिमनग हवा असतो,
निदान एखादा देवमासा.
चौदातले पाच दिवस धुकंच पाहिलं, डेरलेभाऊ,
आणि दर दोन मिनिटांनी जहाज हंबरायचं
वासरू चुकलेल्या गाईसारखं.
पलीकडून कुणी ओ दिली नाही.

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली.
पूरनियंत्रण कक्ष, रात्रपाळी, काळा फोन.
गंगापूर धरणातून सुटलं किती, होळकर पुलाखाली आलं किती,
सगळं क्युसेकमध्ये, निळ्या शाईत.
फोनवर मात्र गाव एवढंच विचारी:
बाई, दुतोंड्याच्या कुठपर्यंत?
गुडघ्यापर्यंत म्हटलं की लोक जेवायला बसत.
छातीपर्यंत म्हटलं
की भांडीबाजारातली शटरं पडायची धडाधड.

तर आइसलँडच्या अलीकडे, तिसऱ्या रात्री,
कॅप्टन स्पीकरवर बोलला.
वारा पन्नास नॉट, लाटा सहा मीटर, उद्याचं बंदर रद्द.
आवाज असा, जसं सूप संपलंय एवढंच सांगतोय.
मला तो आवाज ओळखीचा वाटला.
पहाटे तीनला मी तो वापरलाय.

हेमलता बागूल रडायला लागली.
त्या बंदरासाठी तिनं मेन रोडवरून बूट घेतले होते,
भर मे महिन्यात, दुकानाच्या पंख्याखाली
लोकरीचे मोजे घालून, घामानं निथळत.
मी म्हटलं, चिवडा काढ.
तिनं डबा उघडला
आणि जहाजानं कूस बदलली.

पोहे गालिच्यात रुतले, कांदा जागीच बसला,
शेंगदाणे तेवढे सुटले.
दारापासून खिडकीपर्यंत,
खिडकीपासून दारापर्यंत,
शाळा सुटल्यासारखे.
मी चष्मा लावला, वही काढली.
अकरा वाजता: पलंगाच्या पायापर्यंत.
बारा: पलंग ओलांडून न्हाणीच्या उंबऱ्याला टेकले.
एक दहा: उंबरा ओलांडला.

हेमलता पांघरुणातून विचारते,
म्हणजे दुतोंड्याच्या कुठपर्यंत गं?

एकतीस वर्षांत मी एकही आकडा
कमी करून सांगितला नव्हता.
कंबर, म्हटलं.
ती झोपली.

सकाळी डेकवर ऊन, इतकं निरागस
की रात्रीचं कुणी बोलेना.
वीस मिनिटांनी गारा. मग पुन्हा ऊन,
मग बाजूनं येणारा पाऊस, जो छत्रीला मोजतच नाही.
गाइड पोरगी हातवारे करून समजावत होती,
कपडे कांद्यासारखे घाला, पदरावर पदर,
हवा बदलली की एकेक सोलत जा.
हेमलता म्हणाली, मला सांगतेय,
लासलगावच्या बाईला!
आणि कालपासून पहिल्यांदा हसली,
नवे बूट गारांवर आपटत.

आज संध्याकाळी गोदाघाटावर गेले.
पाणी मारुतीच्या पायांपासून कितीतरी खाली,
बोटांत कोरडं शेवाळ, गळ्यात रुईची माळ.
उभी होते, तर पायरी हलली.
नदी शांत होती. हलत मी होते.
डॉक्टर म्हणतात, जाईल आठवड्याभरात.

तेवढ्यात हेमलताचा फोन.
बूट माळ्यावर टाकले म्हणाली, मग थांबली.
खरं सांग, त्या रात्री कुठपर्यंत होतं?

मी समोर पाहिलं.
त्याला तोंडं दोन, त्याचं भागतं.

कंबर, म्हटलं.
वहीत छाती लिहिलीय,
निळ्या शाईत,
आणि त्या ओळीवर चिवड्याच्या तेलाचा एक डाग आहे.