सरस

दस्तगीरचाचा फळी कानाशी धरतात
आणि मधल्या बोटाच्या पेराने ठोठावतात.
मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपार,
छताला टांगलेले भोपळे, पोटं रिकामी.
"तून आहे. बावीस वर्षं वाळलेली. अजून बोलते.
तुमच्या तसबिरीला तारा नाहीत, बाई,
मग एवढं सुकं लाकूड कशाला?"

मी सांगते, ओलं लाकूड
गाभ्याकडे पाठ करून वाकतं,
आणि वरची मरिया तडकते
कपाळापासून.
ते फळी पुन्हा एकदा ठोठावतात.
पैसे घेताना पन्नास कमी घेतात.

चर्चच्या कमिटीत खजिनदार बर्नाबास लोखंडे :
"निळ्याला अकरा हजार?
हार्डवेअरात डबा दोनशे चाळीसला आहे, वर ब्रश फुकट."
मी म्हटलं, जुन्या करारांत
(बायबलातल्या नव्हे, चितारी आणि गिऱ्हाइकातल्या)
लिहिलेलं असे, निळा कुठला, कोणत्या भावाचा,
आणि तो फक्त आईच्या अंगावर.
बदख्शानचा दगड. आधी उंट, मग गलबत, मग खल.
"महाग म्हणून पवित्र,
की पवित्र म्हणून महाग?"
लोखंडेंनी खरंच विचारलं होतं.
मला उत्तर आलं नाही.
इतिवृत्तात नोंद झाली : निळा, अर्धा मंजूर.

म्हणून डोक्यावरून खांद्यापर्यंत लाजवर्द
आणि खाली, गुडघ्यांच्या सावलीत, साधी नीळ.
पिवळ्याला हळद का नको, सांगलीची असून?
हळदीचा रंग लग्नापुरता.
मला चारशे वर्षांचा हवा.

चेहऱ्याखाली आधी हिरवी माती.
जुन्या मरिया हिरवट दिसतात ते आजारपण नव्हे,
गाल झिजले की खालचं वर येतं, एवढंच.
शहरी कोंबडीचा बलक फिका, तो कोवळ्या गोऱ्या मुखांना,
खेड्यातलीचा गडद, तो म्हाताऱ्या नि सावळ्यांना,
असं ते जुने कारागीर सांगून गेलेत.
मी मंगळवारी बेडगहून गावठी अंडी आणते.
मरिया कोवळी आहे. सावळीही आहे.
त्यांच्या हिशेबात हे बसत नाही.

पण या सगळ्याच्या आधी सरस.
कातड्याच्या कातरणी रात्रभर भिजत,
सकाळी मंद आच, उकळी येऊ द्यायची नाही.
वास जिन्यावरून खाली उतरला
तेव्हा शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली
आणि मला बाबा आठवले, शांतवन मास्तर,
जे शाळेत शुभ्र सदरा घालून जात
आणि हात तीनदा धूत,
ज्यांचे वडील गावाबाहेर चुन्याच्या कुंडात
मांड्यांपर्यंत उभे राहून कातडी सोलवटत.
हा वास घरातून घालवायला
आम्हाला दोन पिढ्या लागल्या.
मी तो विकत आणला,
पाव किलो.

सरसात खडू कालवून आठ हात दिले,
नखाएवढी जागासुद्धा खडबडीत राहू दिली नाही.
वर पाचगणीच्या पठाराची तांबडी माती, वस्त्रगाळ.
मग सोन्याचा वर्ख चिमट्यावर धरून
मी मातीवर तोंड उघडून श्वास सोडला.
हाऽऽ.
ओल लागली की वर्ख स्वतःच झेप घेतो,
बोटभर अंतरावरून.
असंच काहीसं उत्पत्तीत लिहिलंय, माती आणि श्वास,
फक्त तिथे
सरसाचा उल्लेख नाही.

पाटी लागली. दस्तगीरचाचा शुक्रवारची नमाज करून
मुद्दाम बघायला आले,
सोन्याकडे न पाहता मागे गेले
आणि पेराने ठोठावलं.
"गप्प झाली," म्हणाले. "चांगलं आहे."

जुलैत कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढू लागली,
भिंतींना ओल आली.
लोखंडे मेणबत्ती लावता लावता थांबले,
नाक वर करून हुंगलं.
"कसला वास येतोय हो? चामड्यासारखा?"

मी म्हटलं, हो.
आमचा आहे.